वीतभर गॅस

मराठीत उरलेल्या अन्नाला किती शब्द आहेत पाहा. ताटात राहिलं ते उष्टं. भांड्याला, ओट्याला, हाताला चिकटलं ते खरकटं. कालचं ते शिळं. पातेल्याच्या बुडाशी धरली ती खरवड. वास येऊ लागला की ते आंबलं, त्यापुढे गेलं की नासलं. या सगळ्यांच्या डोक्यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत महापालिकेचा एकच शब्द येऊन बसला: ओला कचरा. हिरव्या बादलीत पडलं की उष्टं, शिळं, नासकं असा भेद उरत नाही. साल, देठ, भात, चहाचा चोथा, हाराची फुलं, सगळे एका पंगतीला.

इमारतीच्या मागच्या बाजूला किंवा गच्चीवर उभी असलेली बायोगॅसची टाकी मात्र ही पंगत मान्य करत नाही. तिचे स्वतःचे भेद आहेत. उष्टं की सोवळं, हे ती विचारत नाही. पिठूळ किती, चोथा किती, तेल किती आणि पाणी किती, एवढंच बघते. हा हिशेब ज्यांना कळतो त्यांच्याकडे टाकी वर्षानुवर्षं चालते. बाकीच्यांकडे सहा महिन्यांत तिच्यात डास होतात आणि वर्षभरात तिच्यावर कुंड्या ठेवल्या जातात.

गोबर गॅस आपल्याला नवा नाही. जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमाराला तरंगत्या झाकणाचं ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र पुढे आणलं, खादी ग्रामोद्योग आयोगाने ते उचललं आणि तो लोखंडी ड्रम गावोगाव परसात दिसू लागला. पण त्याला गोठा लागतो. शहरात गोठा कुठून आणायचा? पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने हा प्रश्न उलटा केला. गाय जे खाते त्यातला पचायला सोपा भाग ती स्वतःच वापरते आणि उरलेला चोथा शेणातून बाहेर टाकते. मग शेणातून गॅस काढणं म्हणजे उसाच्या चिपाडातून पुन्हा रस काढणं. त्यापेक्षा टाकीतल्या जिवाणूंना थेट पिठूळ, गोड, सकस खाणं दिलं तर? प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उपडी, एवढ्यावर त्यांनी घरगुती संयंत्र उभं केलं आणि २००६ साली त्याला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

या संयंत्राबरोबर एक वाक्य घरोघर पोचलं आणि त्यानेच पुढे घोळ केला: ‘दोन किलो खाद्य, अर्धा किलो मिथेन, चोवीस तासांत.’ मिथेन म्हणजे बायोगॅसमधला जळणारा भाग. वाक्य खोटं नाही. दोन किलो कोरड्या पिठातून रसायनशास्त्राच्या हिशेबानेच जास्तीत जास्त अर्धा किलोच्या थोडा वर मिथेन निघू शकतो, म्हणजे हा आकडा कमाल मर्यादेला टेकलेला आहे. पण ते दोन किलो कोरड्या पिठाचे आहेत. शिजलेल्या भातात साठ-सत्तर टक्के पाणी असतं. दुधीच्या सालीत, पालकाच्या देठात, काकडीच्या बुडख्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी आणि उरलेल्यात निम्मा चोथा. ऐकणाऱ्याने दोन किलो ऐकले, टाकीत दोन किलो भाजीची देठं टाकली आणि शेगडीवर चहासुद्धा उकळला नाही. मग ‘हे काही खरं नाही’ म्हणून विषय मिटला.

खरा हिशेब असा. घरातला सरमिसळ ओला कचरा किलोभर घेतला तर त्यातून साधारण ८० ते १०० लिटर बायोगॅस मिळतो. भात-पोळीचं प्रमाण जास्त असेल तर त्याहून अधिक, नुसती सालं असतील तर कमी. चार माणसांच्या घरात रोज जेमतेम किलोभर ओला कचरा निघतो. म्हणजे वर्षाला ३०-३५ घनमीटर गॅस. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम एलपीजी. गुणाकार केला की एका घराच्या वर्षभराच्या खरकट्यातून एक सिलिंडर निघतो. बारा महिन्यांची उस्तवार करून एक सिलिंडर! विकणारे हा आकडा सांगत नाहीत, पण सांगायला हवा. कारण तो कळल्यावरच या टाकीची खरी जागा कळते. एका घरासाठी ती नाहीच. पाच घरांनी मिळून एक, किंवा मेस, वसतिगृह, मंगल कार्यालय, अन्नछत्र, कॅन्टीन अशा ठिकाणी एक मोठी. रोज १०० किलो उष्टं निघणाऱ्या मेसमध्ये दिवसाला दहा घनमीटर गॅस, म्हणजे साडेचार किलो एलपीजीचं काम होतं. एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर दर चार दिवसांनी वाचतो, आणि मेसच्या दारात घंटागाडीसाठी ठेवलेल्या पिंपांवरच्या माश्या जातात. या दुसऱ्या फायद्याला रुपयांत मोजता येत नाही म्हणून तो कोणी धरत नाही. खरं तर पहिला तोच.

पाच घरांची टाकी कशी असते ते जवळून पाहू. बाहेरची टाकी हजार लिटरची, वरचा भाग कापून उघडी केलेली. आत उपडी ठेवलेली सातशे-साडेसातशे लिटरची, तीही तोंडाकडून कापलेली, ती झाला ड्रम. दोहोंमध्ये बोटभर फट. बाहेरच्या टाकीला तळापर्यंत जाणारा खाद्याचा पाइप, तीन ते चार इंची, वर नरसाळं. समोरच्या बाजूला वरच्या अंगाला रबडी, म्हणजे पचून उरलेला पातळ काला, बाहेर पडायचा पाइप. ड्रमच्या माथ्यावर गॅसचा कॉक आणि तिथून शेगडीपर्यंत नळी. बस्स. यात फिरणारा भाग एकच, तो म्हणजे वर-खाली होणारा ड्रम. म्हणून बिघडण्यासारखं काही नाही असं वाटतं. बिघडतं ते आत, न दिसणारं.

सुरुवात शेणानेच करायची, कारण मिथेन करणारे जिवाणू गायीच्या पोटात तयार असतात आणि ते बाजारात वेगळे मिळत नाहीत. ताजं शेण चाळीस-पन्नास किलो, तेवढ्याच पाण्यात कालवून, गवताच्या काड्या आणि खडे काढून टाकीत ओतायचं आणि वर पाणी भरायचं. क्लोरीनच्या वासाचं नळाचं पाणी असेल तर एक दिवस उघडं ठेवून. एखाद्या चालू संयंत्राची दोन-चार बादल्या रबडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. दह्याला विरजण लागतं तसंच हे. मग आठ-पंधरा दिवस काहीही टाकायचं नाही. ड्रम उचलला जाईल, घरचे खूश होतील, आणि हीच वेळ जपायची. पहिल्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते, शिवाय बराचसा कार्बन डायऑक्साइड असतो, तो जळत नाही. हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्के असला की ठिणगीला स्फोट होतो. म्हणून पहिले दोन ड्रम मोकळ्या हवेत सोडून द्यायचे. जवळ विडी, उदबत्ती, काही नको. आणि गॅस आला का हे बघायला नळीच्या तोंडाशी काडी कधीही धरायची नाही. परीक्षा शेगडीवरच घ्यायची.

निळी ज्योत धरली की खाद्य सुरू. पहिल्या आठवड्यात रोज दोनशे ग्रॅम. नैवेद्याच्या वाटीएवढं. दुसऱ्या आठवड्यात अर्धा किलो, मग एक किलो, आणि महिना-दीड महिन्यात चार-पाच किलोंपर्यंत. खाद्य मिक्सरमधून किंवा जुन्या पाट्यावरून भरड करून, तेवढंच पाणी घालून, आमटीइतकं पातळ. जेवढी रबडी बाहेर येते तिच्यातली निम्मी पुन्हा कालवायला वापरली तर पाणी वाचतं. सगळीच वापरू नये, कारण आपल्या स्वयंपाकातलं मीठ आत साठत जातं.

हा महिनाभराचा संयम का, हे समजलं की पुढचं सगळं समजतं. टाकीत दोन जमाती नांदतात. पहिली जमात खाणं फोडून त्याची आम्लं करते. ती घाईची. इडलीचं पीठ एका रात्रीत फुगतं ते अशाच घाईमुळे. दुसरी जमात ती आम्लं खाऊन मिथेन करते. ती संथ, तिची संख्या दुप्पट व्हायला कित्येक दिवस जातात. पहिलीने जेवढं रांधलं तेवढं दुसरीने संपवलं तर घर चालतं. एके दिवशी हळदीकुंकवाची उरलेली दहा किलो खिचडी टाकीत पडली की पहिली जमात तुटून पडते, आम्लाचे ढीग लागतात, दुसरीला ते उरकत नाही. आम्लता वाढली की दुसरीचं कामच थांबतं, त्यामुळे आम्ल आणखी साठतं. ड्रम मात्र भराभर वर येतो! कारण पहिल्या जमातीच्या धावपळीत कार्बन डायऑक्साइड भरपूर निघतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय गॅस झालाय. शेगडी लावली की फुस्स.

याला सरळ मराठीत अजीर्ण म्हणतात आणि उपायही तोच: लंघन. खाद्य पूर्ण बंद. औषधांच्या किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात आम्लता मोजायची कागदी पट्टी मिळते. तिच्यावरचा आकडा सात ते साडेसातच्या आसपास हवा; आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. साडेसहाच्या खाली गेला तर खाण्याचा सोडा दोन-अडीचशे ग्रॅम बादलीभर पाण्यात विरघळवून ओतायचा, दोन दिवस थांबायचं, पुन्हा बघायचं. काही जण चुना ओततात. चुनाही चालतो, पण हात राखून. चुना आधी वरच्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, ड्रम बसतो, माणूस घाबरून आणखी चुना टाकतो आणि टाकी दुसऱ्या टोकाला जाते. बादलीभर शेणकाला घातला तर सुधारणा लवकर होते. तरी आठ-दहा दिवस लागतातच. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण या टाकीला शब्दशः लागू आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आषाढीला पाच घरांची उरलेली खिचडी एकदम आली तर ती तीन दिवसांत वाटून घालायची, एका दिवसात नाही.

काय घालू नये याची यादी मोठी नाही, पण प्रत्येकाला कारण आहे. मोसंबी-लिंबाच्या साली: त्यांच्या तेलाने जिवाणू मरगळतात. एखाददुसरी फोड चालते, रसवंतीचा टोपलाभर चोथा नाही. चहाचा चोथा: पचत नाही, वर तरंगतो आणि साय धरतो. अंड्याची टरफलं, हाडं: तळाशी बसतात आणि तिथली जागा कायमची अडवतात. नारळाची शेंडी, कणसाचे बुरखे, हारांचे दोरे: यांचा वर गालिचा तयार होतो आणि त्याखालचा गॅस वर यायला वाट मागतो. तळणीचं तेल हा फसवा पदार्थ. तेलातून किलोमागे गॅस पिठाहून कितीतरी जास्त निघतो, म्हणून मोह होतो. पण त्यातली चरबीची आम्लं जिवाणूंना विळखा घालतात आणि टाकी फेसाळते. दिवाळीनंतर कढईतलं तेल ओतलेल्या टाक्या देवदिवाळीपर्यंत आजारी असतात. आणि फिनेल, ब्लीचिंग पावडर, भांड्यांच्या साबणाचं पाणी, उरलेली अँटिबायोटिक औषधं, ही तर सरळ विषबाधा.

उलट आंबा ही टाकीची चैन. साल, चोथा, कोयीला लागलेला रस, सगळं तिला मानवतं. कोय मात्र फोडून आतली बी काढावी लागते. बी दळून घातली तर पिठासारखीच चालते, कवच नाही. मे महिन्यात टाकीचं तोंड गोड आणि अंगही गरम, म्हणून त्या महिन्यात गॅस सगळ्यात जास्त. हे जिवाणू तीस ते सदतीस अंशांत खूश असतात, वीसच्या खाली आळसावतात आणि दहाच्या आसपास झोपतात. पुण्या-नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत गॅस निम्म्यावर आला तर टाकी बिघडलेली नसते, तिला थंडी वाजत असते. खाद्य कोमट पाण्यात कालवायचं, तेही सकाळी नाही तर दुपारी घालायचं, टाकीला काळा रंग द्यायचा, आणि मुळात ती उत्तरेच्या सावलीत न बसवता उन्हात बसवायची. दिसू नये म्हणून सोसायट्या तिला नेमक्या सावलीच्या बोळात ढकलतात.

आता ड्रम. त्याचा माथा म्हणजे दाबाचं यंत्र आहे आणि मीटरसुद्धा. नव्वद सेंटिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा ड्रम वीस किलोंचा धरला तर त्याचं वजन गॅसला फक्त तीन सेंटिमीटर पाण्याएवढा दाब देतं. शेगडीला आठ तरी हवेत. म्हणजे वर आणखी तीस किलो, साध्या हिशेबात दहा विटा. त्या कडेने सारख्या अंतरावर मांडायच्या. एका अंगाला रचल्या की ड्रम कलतो, भिंतीला घासून अडकतो आणि वर आलेल्या बाजूने बुडबुडे सुटतात. हा बुडबुडा निरुपद्रवी नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट तापवतो. गळका बायोगॅस पर्यावरणासाठी चालवण्यापेक्षा कंपोस्ट केलेलं बरं.

आणि मीटर असा: याच ड्रममध्ये एक सेंटिमीटर उंची म्हणजे साडेसहा लिटरच्या थोडा आत गॅस. छोटा बर्नर तासाला साडेचारशे लिटर खातो. वीस मिनिटांच्या कुकरला दीडशे लिटर. दीडशे लिटर म्हणजे तेवीस-चोवीस सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक वीत. भात-वरणाचा एक कुकर, ड्रमची एक वीत. ड्रमवर रंगाने वितींच्या रेघा मारून ठेवल्या की स्वयंपाक करणाऱ्या बाईला घनमीटर शिकवावे लागत नाहीत. तीन विती वर आहे, म्हणजे कुकर होईल, उसळ होईल, चहाही निघेल.

शेगडीत लोक सर्वाधिक फसतात. एलपीजीचा दाब तीस सेंटिमीटर पाण्याएवढा आणि त्यातली उष्णता घनफळामागे बायोगॅसच्या चार-पाच पट. त्याची शेगडी जशीच्या तशी जोडली तर सुईच्या टोकाएवढ्या जेटमधून बायोगॅस पुरेसा येतच नाही. जेट मोठा करावा लागतो, साधारण दोन ते अडीच मिलिमीटर, आणि हवेचं झापड बरंचसं मिटावं लागतं, कारण बायोगॅसला घनफळाच्या सहापटीच्या आसपासच हवा पुरते. ज्योत बर्नर सोडून वर उडत असेल तर हवा किंवा दाब जास्त. पिवळी टोकं येऊन भांडं काळं होत असेल तर हवा कमी. नीट लागलेली ज्योत निळी आणि जवळजवळ आवाज न करणारी असते. दिवसाउजेडी दिसतही नाही, म्हणून बर्नरवर हात नेण्याआधी कॉक बघायची सवय हवी.

ज्योत धापा टाकू लागली, लहान-मोठी, लहान-मोठी, तर नळीत पाणी आहे. गॅस टाकीतून ओलसर निघतो, रात्री नळी गार झाली की वाफेचं पाणी होतं आणि नळीच्या झोळात साचतं. नळीला सलग उतार देऊन सर्वांत खालच्या जागी पाणी काढायला कॉक ठेवायचा. आठवड्यातून एकदा तो उघडायचा, ड्रम भरलेला असताना. नळीवर टाकीच्या बाजूला लोखंडाचा गंजलेला कीस भरलेली बाटली बसवली तर सडक्या अंड्यांचा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, तिथे अडतो. हा वास कांदा, लसूण, कोबी, अंडी जास्त असली की वाढतो. चातुर्मास पाळणाऱ्या घरांचा गॅस त्या मानाने सात्त्विक म्हणायचा. हायड्रोजन सल्फाइड अडवायचा तो केवळ नाकासाठी नाही, पितळी कॉक आणि बर्नर तो खातो म्हणून. जमिनीतल्या मोठ्या टाकीत तर तो माणूस खातो: साफ करायला आत उतरलेल्याला वर यायची संधी मिळत नाही. अशा टाकीत कोणीही, कोणत्याही कारणाने उतरू नये. गाळ पंपाने बाहेरून काढतात.

सोवळ्याचा प्रश्न वर टाळला, तो इथे घेऊ. खरकट्याच्या गॅसवर देवाचा नैवेद्य शिजवावा का, असं आजही विचारलं जातं. मुंबईने यापेक्षा अवघड प्रश्न १८९७ साली सोडवायला घेतला होता. माटुंग्याच्या महारोगी आश्रमात मैल्यापासून गॅस काढून वापरला गेला. समाजाने ज्यांना शहराबाहेर ठेवलं त्यांच्याच वस्तीत हे झालं, हा योगायोग नसावा; तिथे विटाळाची भीती घालायला कोणी उरलंच नव्हतं. पुढे देहूत डॉ. सु. वि. मापुसकर यांनी उभं आयुष्य शौचालयं आणि त्यांना जोडलेल्या बायोगॅसवर घालवलं. ‘मलप्रभा’ या त्यांच्या रचनेत मैला हाताळावाच लागत नाही. शौचकूपातून थेट टाकीत, गॅस वर आणि निचरा पलीकडे. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्या गावच्या वाण्याने गाथेत विटाळाचे भ्रम फेडले, त्याच गावी अनेक घरांत हा गॅस पेटला. यावर आणखी काही बोलायची गरज नाही. जळताना मिथेन हा मिथेनच असतो, वासही नसलेला.

शहर पातळीवर आलं की पोट मोठं होतं आणि पथ्य तेच राहतं. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात आधी एक वेगळी टाकी असते. तिथे दळलेला कचरा सूर्याने तापवलेल्या गरम पाण्यात, हवा फुंकून, काही दिवस फोडला जातो आणि मग मिथेनच्या टाकीत जातो. म्हणजे घाईची जमात आणि संथ जमात यांची स्वयंपाकघरंच वेगळी केली. अजीर्णाचा धोका त्यामुळे घटतो. पण त्याही संयंत्राच्या तोंडाशी दळणयंत्र आहे आणि दळणयंत्राला कॅरीबॅग पचत नाही.

पुण्यात प्रभागवार रोज पाच टन ओला कचरा पचवणारे प्रकल्प उभारायचा प्रयोग झाला. कल्पना उत्तम: कचरा जिथला तिथे, उरुळीच्या कचरा डेपोच्या डोंगरात भर नाही. अनेक प्रकल्प पुऱ्या क्षमतेने चालले नाहीत, आणि दोष बहुतेक वेळा टाकीचा नव्हता. दाराशी येणाऱ्या गाडीत ओल्याबरोबर दुधाच्या पिशव्या, सॅनिटरी नॅपकिन, काच, आणि गणपती उठल्यावर हारांचे नायलॉनचे दोरे. दोरा दळणयंत्राच्या दांड्याला एकदा गुंडाळला गेला की चिंचोळ्या जागेत हात घालून ब्लेडने तो कापत बसावं लागतं. तोवर गाडी थांबलेली, कचरा सडतोय, आणि शेजारच्या इमारतीतून वासाची तक्रार गेलेली. शिवाय या प्रकल्पांत गॅसपासून वीज करायचा आग्रह धरला गेला. एक घनमीटर गॅसमधून दीड ते दोन युनिट वीज मिळते, इंजिनात बाकीची उष्णता वाया जाते. दळण, पंप, ढवळणं यांचा वापर वजा केला की रस्त्यावरच्या दिव्यांना उरतं ते थोडं. तोच गॅस शेजारच्या हॉटेलच्या भट्टीला दिला असता तर निम्म्याहून जास्त उष्णता कामी आली असती. दिव्यांचा फोटो चांगला येतो, भट्टीचा येत नाही, हे मान्य.

इंदूरने वेगळं केलं. होळकरांच्या त्या शहरात, जिथे आजही अर्धी गल्ली मराठीत भांडते, फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला सुमारे १७ टन बायो-सीएनजी हे त्याचं गणित, आणि त्यावर शहराच्या बस धावतात. किलोमागे तीस ग्रॅम, म्हणजे आकडा आवाक्यातला आहे, फुगवलेला नाही. पण तो प्रकल्प यंत्रामुळे उभा नाही. त्याआधी काही वर्षं तिथल्या घरांत कचरा वेगळा करायची सवय लावली गेली, गाडीवाल्याने मिसळलेली बादली परत केली, आणि मगच टाकी बांधली गेली. आधी हात धुतले, मग पानावर बसले.

सोसायटीच्या टाकीचंही शेवटी माणसावर येतं. समितीच्या बैठकीत खर्च, जागा, अनुदान, सगळं ठरतं, फक्त रोज सकाळी कालवून कोण घालणार हे ठरत नाही. ‘हाउसकीपिंगवाला करेल’ असं म्हणतात. तो करतो. त्याला बादली रिकामी करायची असते, म्हणून मिळेल ते, मिळेल तेवढं ओततो. त्याच जागी ज्या मावशींनी चार घरचा स्वयंपाक केला आहे त्यांना दहा मिनिटांच्या कामाचे वेगळे पैसे देऊन नेमलं, ड्रमच्या विती आणि पट्टीचा रंग दाखवून दिला, की त्या टाकी बघूनच सांगतात, आज हिला नको. गॅसही त्यांच्याच हाताखाली वापरला जायला हवा, वॉचमनच्या खोलीत किंवा सोसायटीच्या छोट्या स्वयंपाकघरात. घालणाऱ्याला ज्योत दिसली नाही तर कालवण्यात लक्ष राहत नाही.

रबडी राहिलीच. ती पातळ आणि काळसर असते, वास ओल्या मातीसारखा. आंबूस वास आला तर टाकी आंबली आहे, हे पट्टीआधी नाकाला कळतं. कुंड्यांना पाचपट पाणी घालूनच द्यायची, नाहीतर तुळस करपते. फटीतल्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडायचं किंवा बारीक जाळी लावायची.

आणि मे महिन्यात पाचही घरं गावाला गेली तर? घाबरायचं कारण नाही. जिवाणू महिनाभर उपाशी राहू शकतात, फक्त संथ होतात. जाण्याआधी ड्रममधला गॅस वापरून संपवायचा, कॉक बंद करायचा, टाकी काठोकाठ पाण्याने भरलेली ठेवायची. परत आल्यावर फ्रिजमधला सगळा नासका माल टाकीत रिकामा करायची घाई होते. तो दुसरीकडे द्यायचा. पहिल्या दिवशी वाटीभर पेज, पातळ, कोमट. दुसऱ्या दिवशी दोन वाट्या. चौथ्या-पाचव्या दिवशी ड्रम चार बोटं वर आलेला दिसेल. तेवढ्यावर कुकर होत नाही, चहा होतो.